जुनी सायकल घेतांना



माझें बहुतेक आयुष्य पुण्यांत प्राथमिक शाळेंतील मुलांना अपूर्णांक शिकविण्यांत गेलें. यंत्रशास्त्राचें मला शिक्षण नाहीं. तेव्हां जुन्या सायकलीसारख्या विषयावर बोलण्याचा अधिकार मला कोणी दिला, असें आपण विचारलें तर माझें उत्तर एवढेंच कीं, ह्या विषयांत मीं एकदां मार खाल्ला आहे, आणि तोहि अक्षरशः. माझ्या डाव्या हांसळीचें हाड पावसाळा लागला कीं अजून त्याची आठवण करून देतें. जी चूक मीं केली ती दुसऱ्या कोणी करूं नये, आणि मागाहून जो आनंद मला लाभला तो मात्र आणखी कांहीं जणांना लाभावा, ह्या हेतूनें हे चार शब्द.

माझ्या लहानपणीं आमच्या घरीं वडिलांची काळी रॅले सायकल होती. मागच्या चाकांत तीन वेगांचा गिअर, कातड्याची रुंद सीट, आणि हँडलाखालीं महापालिकेच्या कराचा बिल्ला. तिच्या आडव्या नळीवर बसून मी शाळेंत जात असें व चाकांतून येणारा टिकटिक आवाज मोजीत असें. १९७४ सालीं थोरल्या बहिणीच्या लग्नाच्या वेळीं ती विकावी लागली. वडिलांनीं तिचा विषय पुन्हां काढला नाहीं. कचेरींत मात्र ते त्यानंतर पायींच जात. २०१८ सालीं मी सेवानिवृत्त झालों, हातांत थोडा पैसा आला, आणि तशीच एक सायकल मिळवावी असें मनानें घेतलें.

जुन्या वस्तूंच्या एका विक्रेत्याकडे तशी सायकल मिळाली. काळा रंग आरशासारखा, त्यावर सोनेरी रेघा, घंटा सुद्धां चकचकीत. साडेसहा हजार रुपये मोजून मीं ती घरीं आणली व तिला हार घातला. पंधराव्या दिवशीं पर्वतीजवळच्या उतारावर पुढचा चिमटा मुळाशींच मोडला. चाक एकीकडे गेलें आणि मी दुसरीकडे. मागून येणाऱ्या रिक्षावाल्यानें वेळींच गाडी वळविली, म्हणून हाडावरच निभावलें. पत्नीनें इस्पितळांतच सांगून टाकलें कीं, ह्या घरांत आतां सायकल येणार नाहीं.

हात गळ्यांत असतांनाच मी ते मोडके तुकडे घेऊन माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेलों. शाळेंत तो मागच्या बाकावर बसे व अपूर्णांकांत नेमानें नापास होई. आतां तो पन्नाशीचा, सायकलींचा नामांकित मिस्त्री आहे. त्यानें मोडलेल्या जागेवरचा रंग चाकूनें खरवडला. आंत पितळी झाळेचा पिवळा पट्टा दिसला. चिमट्याचा जो दांडा पुढच्या आखूड नळींत शिरतो, त्याला जुनी भेग होती. कोणीतरी ती झाळून, घासून, रंगाखालीं झांकून टाकली होती. तो म्हणाला, "गुरुजी, तुम्हीं रंग विकत घेतलात. सायकल घ्यायची तर नळीला हात लावून पाहायचा."

हा हात कसा लावावयाचा, तें आतां सांगतों.

सायकल दुकानाच्या अंधारांत पाहूं नये, उन्हांत आणावी. प्रथम बाजूला उभें राहून पुढचा चिमटा पाहावा. चिमट्याचा वरचा सरळ भाग आणि पुढची आखूड नळी हीं एका रेषेंत असलीं पाहिजेत. खालचा भाग तेवढा पुढें वळलेला असतो. सरळ भागच मागें झुकलेला दिसला, तर ती सायकल कधींतरी समोरून आदळलेली आहे असें समजावें. नंतर आडवी नळी व तिरकी नळी ह्यांच्या पोटाखालून, पुढच्या सांध्यापासून चार बोटें मागें, आंगठा फिरवावा. डोळ्यांना न दिसणारी सुरकुती आंगठ्याला लागते. पोलाद आदळलें म्हणजे तेथें दुमडतें, आणि ही दुमड रंगानें झांकली जात नाहीं.

मागच्या भागाचा सरळपणा तपासण्यासाठीं एक दोरी पुरते. मागच्या आंसाच्या एका खांचेपासून दोरी निघावी, ती पुढच्या आखूड नळीला वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या खांचेंत यावी, व ताणून धरावी. मग सीटखालच्या उभ्या नळीपासून दोरीचें अंतर दोन्ही बाजूंनीं मोजावें. तीं अंतरें सारखीं आलीं तर सांगाडा सरळ. दोनतीन मिलिमीटरांचा फरक सोसतो. बोटभर फरक पडला तर विक्रेत्याला नमस्कार करून निघावें. ही परीक्षा फुकट आहे. मीं ती २०१८ सालीं केली असती तरी भेग दिसली नसतीच, कारण भेग आंत होती. म्हणून दुसरा नियम असा कीं, विकत घेतलेली कोणतीहि जुनी सायकल, ती कितीहि चांगली दिसो, चिमटा पूर्ण बाहेर काढून, दांड्याच्या मुळाशीं रंग खरवडून पाहिल्याशिवाय चालवूं नये. ताज्या रंगाची सायकल तर मी दुप्पट संशयानें पाहतों. जुना, टवके उडालेला, मूळचा रंग हा प्रामाणिक साक्षीदार आहे; त्याखालीं कांहीं लपवितां येत नाहीं.

आणखी एक काळजी. सीटखालच्या सांध्यावर बहुधा सायकलीचा नंबर ठोकलेला असतो. तो लिहून घेऊन विक्रेत्याकडून सहीची पावती घ्यावी. जुन्या मालांत चोरीचा माल कधीं मिसळेल सांगतां येत नाहीं.

२०२१ सालीं कसब्यांतील एक वाडा पाडावयास निघाला, आणि त्याच्या जिन्याखालीं गंजलेली, टायर कुजलेली एक रॅले असल्याची बातमी मिस्त्रीनेंच आणली. पत्नीला मीं तें लगेच सांगितलें नाहीं. आम्हीं दोघांनीं दोरी लावली, आंगठा फिरविला, चिमटा काढून पाहिला. सांगाडा निर्दोष निघाला. मालकांनीं चार हजार रुपये सांगितले. घासाघीस करण्याचें माझ्या जिवावर आलें.

आतां ही सायकल कोणत्या काळची, हें कसें ओळखावें? रॅलेचा कारखाना इंग्लंडांतील नॉटिंगहॅम शहरीं. रॅले ह्या नांवाच्या रस्त्यावरील एक लहानसें कारखानदारीचें दुकान फ्रँक बोडेन ह्यानें आपल्या हातीं घेतलें आणि १८८७-८८ च्या सुमारास त्याची मोठी कंपनी केली. पुढें हंबर, रज, बी. एस. ए. अशीं जुनीं नांवें ह्याच घराण्यांत एकेक करून आलीं. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर चित्र पालटलें. मद्रासजवळ अंबत्तूर येथें टी. आय. सायकल्सची स्थापना १९४९ सालीं झाली व तेथें हर्क्युलिस तयार होऊं लागली. बंगालांत आसनसोल येथें सेन-रॅलेचा कारखाना निघाला. सोनीपतची ॲटलस १९५१ ची, लुधियानाची हीरो १९५६ ची. म्हणून पुढच्या नळीवरच्या पट्टींत नॉटिंगहॅम हें नांव आहे कीं आसनसोल, तें आधीं वाचावें. देशी म्हणजे कमी असें मात्र मुळींच नाहीं. पुष्कळ देशी सांगाडे उत्तम आहेत, आणि त्यांना सुटे भाग मिळण्याची सोय अधिक. नॉटिंगहॅमचा मूळ कारखाना ह्या शतकाच्या आरंभींच बंद झाला. त्याच्या जागेच्या कांहीं भागावर आतां तेथील विद्यापीठाचें आवार आहे, ही गोष्ट मला, शाळामास्तर म्हणून, फारशी वाईट वाटत नाहीं.

तीन वेगांचा गिअर असेल तर काळ ओळखणें फार सोपें. मागच्या चाकाच्या मध्यभागीं जो जाड तुंबा असतो, त्यावर ए डब्ल्यू हीं अक्षरें आणि त्यांच्याजवळ आंकडे ठोकलेले असतात. तें साल आणि महिना. आमच्या तुंब्यावर धूळ पुसल्यावर ५१ व ७ दिसले. म्हणजे १९५१ सालचा जुलै. अर्थात हा तुंब्याचा जन्म झाला, सायकलीचा नव्हे. कोणी चाक बदललें असल्यास फसगत व्हावयाची.

ह्या तुंब्याविषयीं थोडें अधिक बोलल्यावांचून मला राहवत नाहीं. त्यावर स्टर्मे-आर्चर असें नांव असतें. हा हेन्री स्टर्मे मुळांत शाळामास्तर. पुढें सायकलींच्या नियतकालिकाचा संपादक झाला. तीन वेगांची मुख्य युक्ति मात्र विल्यम रायली नांवाच्या कारागिराची. त्यानें आपले पुढील शोधांचे हक्क पूर्वींच्या कंपनीला लिहून दिलेले असल्यामुळें १९०२ च्या सुमारास पेटंट त्याच्या मित्राच्या, जेम्स आर्चरच्या, नांवें घेतलें गेलें. तुंब्यावर स्टर्मे राहिला, आर्चर राहिला. रायली राहिला नाहीं.

युक्ति अशी आहे. तुंब्याच्या आंत मधोमध २० दांत्यांचें एक स्थिर चक्र असतें. सभोंवतीं ६० दांत्यांचें कडें. आणि दोहोंच्या मध्यें, सूर्याभोंवतीं ग्रह फिरावे त्याप्रमाणें, चार लहान चक्रें फिरतात. साखळीनें ग्रहांचा पिंजरा फिरविला तर त्याच्या एका फेऱ्यांत कडें ६० मध्यें २० मिळवून ८० भागिले ६०, म्हणजे चार तृतीयांश फेरा घेतें. उलट कडें फिरविलें तर पिंजरा तीन चतुर्थांशच फिरतो. आणि मधल्या वेगांत चाक साखळीबरोबर एकास एक. आमच्या सायकलीला पुढें ४६ व मागें १८ दांते आहेत आणि चाक २८ इंची. पायाच्या एका फेऱ्यांत सायकल चढाच्या वेगांत सुमारें ४.३ मीटर, सपाटीच्या वेगांत ५.७ मीटर, आणि उताराच्या वेगांत ७.६ मीटर जाते. वडिलांच्या सायकलींत जी टिकटिक मी मोजीत असें, तिचें गणित मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षीं कळलें.

ह्या गिअरांत एक धोका आहे, तोहि सांगितला पाहिजे. दुसऱ्या व तिसऱ्या वेगाच्या मध्यें एक पोकळ जागा असते. तार नीट लावलेली नसली, तर जोरानें पेडल मारतांना पाय एकाएकीं रिकामा जातो आणि माणूस हँडलावर आपटतो. उपाय सोपा. खटका मधल्या वेगावर ठेवून उजव्या बाजूच्या नटाच्या बारीक खिडकींतून आंत पाहावें. साखळीच्या काडीचा जाड भाग जेथें संपतो, तो कांठ आंसाच्या टोकाशीं बरोबर समपातळींत आला पाहिजे. नसल्यास साखळीचा आटा फिरवून आणावा. तुंब्याच्या आंत पातळ यंत्राचें तेल चमचाभर घालावें. ग्रीस भरूं नये. आमच्या तुंब्यांत जुनें तेल डिंकासारखें थिजलें होतें. डिझेलनें तो धुतला, तेल घातलें, आणि वाड्याच्या जिन्याखालीं कित्येक वर्षें मुकाट पडलेलें तें यंत्र त्याच संध्याकाळीं तिन्ही वेगांत फिरूं लागलें.

सांगाड्यानंतर टायर. येथें माझी मोठीच फजिती झाली. पाटीवर १¾ लिहा किंवा १.७५ लिहा, किंमत एकच, असें मीं चाळीस वर्षें शिकविलें. टायरच्या व्यवहारांत मात्र २६ × १¾ आणि २६ × १.७५ हे दोन निराळे टायर आहेत! पहिल्याचा कांठ ५७१ मिलिमीटर व्यासाच्या रिमवर बसतो, दुसऱ्याचा ५५९ मिलिमीटरच्या. आणि आपल्याकडे हलक्या विलायती सायकलींना लागणारा २६ × १⅜ हा तिसराच, ५९० मिलिमीटरचा. तिघांनाहि दुकानांत 'सव्वीसी' म्हणतात आणि एकाचा टायर दुसऱ्याला चढत नाहीं. मिस्त्री हंसून म्हणाला, "गुरुजी, माझीं उत्तरें तेव्हांहि बरोबर असतील. तुमचा विषय वेगळा होता." तेव्हां इंचांवर विश्वास न ठेवतां टायरच्या कुशीवर बारीक अक्षरांत छापलेला मिलिमीटरचा आंकडा पाहावा. आमच्या सायकलीचा टायर २८ × १½, म्हणजे ६३५ मिलिमीटरचा. आपली साधी काळी सायकल ह्याच मापाची असल्यामुळें तो आपल्याकडे सहज मिळतो. ह्या एका बाबतींत विलायतेंतल्या शौकिनांपेक्षां आपण सुखी.

सायकल खोलण्याचें काम, ज्याला आपले दुकानदार 'ओव्हरऑइल' म्हणतात (मूळ इंग्रजी शब्दांत तेलाचा संबंध नाहीं, पण आमचा शब्द अधिक अर्थपूर्ण आहे), तें घरीं करतां येतें. मात्र आट्यांची दिशा माहीत पाहिजे. डावें पेडल उलट आट्याचें असतें. पेडलांच्या मधल्या आंसाच्या उजव्या बाजूचा कपहि इंग्रजी पद्धतींत उलट आट्याचा. हें ठाऊक नसलेला बलवान मनुष्य जितका जोर करील तितका कप घट्ट होईल. शिवाय रॅलेनें आपल्या सायकलींना स्वतःचे, इंचाला २६ वेढ्यांचे आटे ठेवले. इतर इंग्रजी सायकलींत मधल्या कपाला ते २४ असतात. म्हणून रॅलेचा मूळ कप बिघडलेला नसेल तर जपून ठेवावा. बाजारांतला सहसा बसत नाहीं.

सर्वांत चिवट वस्तु म्हणजे क्रँक आंसाला धरून ठेवणारी कॉटर पिन. ती हातोड्यानें काढतांना क्रँकखालीं जाड लोखंडी नळीचा आधार द्यावा, नाहींतर सारा मार छर्र्यांवर बसतो आणि कपांना खड्डे पडतात. नट टोकाशीं ठेवूनच ठोकावें, म्हणजे आटा चेपत नाहीं. एकच, जोरकस घाव. टुकटुक करीत बसलें तर पिन वांकते. नव्या पिना घालतांना एकीची सपाट बाजू दुसरीच्या उलट आली पाहिजे, तरच दोन्ही पेडलें एका रेषेंत येतात. चालवितांना प्रत्येक फेऱ्याला एक 'टक्' ऐकूं आला, तर पिन सैल आहे.

छर्रे स्वस्त असतात. सगळेच नवे घालावे. मधल्या आंसाला पाव इंचाचे, प्रत्येक बाजूला अकरा. साखळी मोजावी: चोवीस कड्या बारा इंच भरल्या पाहिजेत, आठवा भाग इंचानें वाढल्या असतील तर साखळी बदलावी. चाकांचा आउट काढण्याचें काम मात्र मीं केलें नाहीं. पुढें ३२ व मागें ४० तारा. एक आवळली कीं चार रुसतात. तें मिस्त्रीकडे सोंपवावें.

सळ्यांच्या ब्रेकांविषयीं भ्रम बाळगूं नये. त्यांचे रबरी ठोकळे रिमला आंतल्या अंगानें, आंसाच्या बाजूनें लागतात. कोरड्या दिवसांत ते बरे. पावसांत चकचकीत रिम ओली झाली म्हणजे सायकल थांबण्यास पुष्कळच अधिक अंतर लागेल असें धरूनच चालवावें. रबर जुनें होऊन दगड झालेलें असतें, म्हणून ठोकळे नवे घालावे. येथें काटकसर करणारास मी शहाणा म्हणणार नाहीं.

रंगाच्या बाबतींत माझा व कित्येक मित्रांचा मतभेद आहे. ते म्हणतात, सगळें घासून नवा रंग द्यावा. माझें म्हणणें, गंज थांबवावा आणि जुनें राहूं द्यावें. रंगलेली सायकल पुन्हां केव्हांहि करतां येते. मूळचा रंग, रेघा आणि छाप एकदां गेले कीं गेले. मीं सौम्य साबणाचें पाणी, मऊ फडकें, व शेवटीं मोटारीचें मेण एवढेंच वापरलें. मुलाम्याच्या भागांवरील गंज स्वयंपाकघरांतील ॲल्युमिनियमच्या पातळ कागदाचा बोळा पाण्यांत भिजवून चोळला तर आश्चर्य वाटेल इतका निघतो. मूळ रूप कसें असावें, हें ज्यांना पाहावयाचें असेल त्यांनीं पुण्यांत कर्वेनगरांत विक्रम पेंडसे ह्यांनीं उभारलेलें सायकलींचें संग्रहालय एकदां पाहावें.

कातड्याच्या सीटची एक चूक मात्र कबूल करतों. कातडें कोरडें दिसलें म्हणून मीं त्याला आठवडाभर खोबरेल तेल पाजलें. तें इतकें मऊ झालें कीं सीटची झोळी झाली आणि ती टाकून द्यावी लागली. अशा सीटला मेणाचें मलम, तेंहि थोडें, वरून लावावें; पुढच्या टोकाखालचा ताणाचा नट पाव फेऱ्याहून अधिक एका वेळीं फिरवूं नये.

एकंदर खर्च, सायकलीचे चार हजार सोडून, पांच हजार दोनशें रुपये आला. त्यांत वाया गेलेल्या सीटच्या जागीं घेतलेली सीट आहे. दोन महिने लागले. चिमट्याचा दांडा मिस्त्रीनें पत्नीच्या हातीं देऊन, भिंग लावून, तिला दाखविला. ती बराच वेळ पाहात होती. मग म्हणाली, "पहिल्या दिवशीं मी बरोबर येईन."

नव्यानें जोडलेल्या सायकलीच्या कॉटर पिना, चाकांचे नट व हँडलाचा बोल्ट पहिल्या पन्नाससाठ किलोमीटरांनंतर पुन्हां आवळावे लागतात. रंग व धातु बसतात आणि सर्व कांहीं थोडें सैल होतें. ते आवळून झाल्यावर एका रविवारीं सकाळीं आम्ही पर्वतीजवळच्या त्याच उतारावर गेलों. पत्नी उताराच्या तळाशीं, रस्त्याच्या कडेला उभी राहिली. मीं खटका मधल्या वेगावर ठेवला, दोन्ही ब्रेक एकदां दाबून पाहिले, आणि निघालों.